जुन्या लाकडी घराचं आतलं काम काढताय? मग आधी क्रम नीट लावा

जुन्या लाकडी घराचं आतलं काम काढलं की बहुतेकजण पहिल्याच आठवड्यात सँडर भाड्याने आणतात. जमीन घासतात, दारं घासतात, दोन हात पॉलिश मारतात, घर चकाचक दिसायला लागतं आणि मग काही महिन्यांनी कळतं की तुळईचं टोक भिंतीच्या आत कुजलंय किंवा वायरिंग पूर्ण बदलावं लागणार आहे, आणि त्यासाठी तीच नवी पॉलिश केलेली जमीन परत उचकटायची. हे इतक्या घरांत बघितलंय की शेवटी वाटलं सगळं एकदा क्रमाने लिहून काढावं.

ढोबळ क्रम असा: नुसतं बघणं, मग विषारी गोष्टींची तपासणी, मग पाणी-ओल, मग पट्ट्या-फळ्या जपून काढणं, मग सांगाडा, मग वायर आणि पाइप, मग भिंती, मग लाकडाचा रंग-पॉलिश, मग जमीन आणि सगळ्यात शेवटी काढलेलं परत लावणं. यातला एक टप्पा जरी पुढेमागे केला तरी कुठलं ना कुठलं काम दोनदा करावं लागतं, आणि जुन्या लाकडाच्या बाबतीत दोनदा करणं म्हणजे दोनदा झिजवणं.

## टप्पा १: काहीही न काढता आधी बघा

निदान दोन आठवडे हातात हातोडी घ्यायची नाही. वही, पेन्सिल, चांगला टॉर्च, ओळंबा, स्पिरिट लेव्हल, टोच्या आणि लाकडातली ओल मोजायचा मीटर, एवढं पुरेसं आहे. दोन पिनांचा साधा मॉइश्चर मीटर महाग नसतो आणि या सगळ्या कामात त्याच्याइतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही, तो पहिल्या दिवशीच घ्या.

प्रत्येक खोलीचा साधा नकाशा काढा, त्यावर भेगा, डाग, करकरणाऱ्या फळ्या, न लागणारी दारं, झुकलेले खांब सगळं टिपा. टॉर्च भिंतीला आणि जमिनीला अगदी चिकटून आडवा धरा, समोरून धरला तर काही दिसत नाही, आडव्या उजेडात मात्र फुगवटा, उतार, जुन्या दुरुस्तीच्या कडा सगळं उठून दिसतं.

प्रत्येक भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने बारीक खूण करा, मधलं अंतर मोजा आणि शेजारी तारीख लिहा. महिन्याने परत मोजा. अंतर तेवढंच असेल तर ती जुनी थांबलेली भेग आहे, वाढत असेल तर घर अजून हलतंय, आणि असं असताना आत रंग-गिलावा करणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

फोटो काढताना आधी पूर्ण भिंत, मग कोपरा, मग सांधा असे तीन पातळ्यांवर काढा. नुसते जवळचे फोटो काढले की नंतर हा सांधा कुठल्या खोलीतला तेच आठवत नाही.

चूक: काम सुरू व्हायच्या आधीच "ही भिंत पाडून हॉल मोठा करू" असं ठरवून टाकणं. लाकडी घरात पातळ दिसणाऱ्या आतल्या भिंतीत सुद्धा तिरके टेकू लपलेले असू शकतात, सगळं घर वाऱ्यात सरळ उभं राहतं ते त्यांच्यामुळे. भिंत पाडायचा विचार असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधी दाखवा, आणि तो लाकडी बांधकाम कळणारा असावा, कारण फक्त काँक्रीटचं काम केलेल्या माणसाचा सल्ला बऱ्याचदा "काढून टाका, लोखंडी टाका" इथे येऊन थांबतो. घर वारसा यादीत असेल तर आतल्या बदलांना परवानगी लागते का तेही आत्ताच विचारून घ्या.

## टप्पा २: रंग खरवडण्याआधी विषाची तपासणी

जुन्या रंगाच्या थरांत शिसं असण्याची शक्यता खूप असते. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी १९७८ साली आली, इतर देशांत ती वेगवेगळ्या वेळी आली, म्हणजे घर जुनं असेल तर शिसं आहे असंच धरून चालायचं आणि टेस्ट करून खात्री करायची. सगळ्या थरांमधून आरपार जाणारी एक खपली काढून लॅबला पाठवा. वरच्या थराची टेस्ट करून "शिसं नाही" म्हणून मोकळं होऊ नका, ते बहुधा खालच्या थरांत असतं.

शिसं निघालं तर कोरडं घासायचं नाही, मशीनने तर मुळीच नाही. पृष्ठभाग ओला ठेवून खरवडायचा, खाली जाड प्लास्टिक, दार बंद, हेपा फिल्टरचा (अगदी बारीक धूळ अडवणारा) व्हॅक्यूम आणि तोंडाला नीट बसणारा, तशीच बारीक धूळ अडवणारा पी१०० मास्क. साधा कापडी मास्क इथे कामाचा नाही. लहान मुलं आणि गरोदर बाई घरात असेल तर ते काम संपून सफाई होईपर्यंत त्यांनी दुसरीकडे राहायचं, यात तडजोड नको.

ॲस्बेस्टॉसचंही तेच. जुन्या विनाइल टाइल्स, त्याखालचा काळा गोंद, पाइपभोवतीचं गुंडाळलेलं आवरण, छताचे काही खरखरीत थर यात ते असू शकतं. तोडू नका, ड्रिल मारू नका, नमुना तपासून घ्या, आणि निघालं तर ते काढायचं काम प्रशिक्षित माणसाचंच.

तपासा: रिपोर्ट हातात येईपर्यंत एकही पृष्ठभाग घासलेला नाही ना?

## टप्पा ३: पाणी कुठून येतंय ते शोधा आणि बंद करा

लाकूड जुनं झालं म्हणून कुजत नाही, ते ओलं राहिलं म्हणून कुजतं. घराच्या आतलं निरोगी लाकूड साधारण ८ ते १४ टक्के ओलाव्याला असतं. मीटर सतत २० च्या वर दाखवत असेल तर बुरशीला राहायला जागा मिळाली असं समजा. रोज एकदा याप्रमाणे आठवडाभर त्याच जागी मोजा, कारण एका आकड्यावरून काही कळत नाही. मोजायच्या जागा ठरलेल्या: तुळईची भिंतीत गेलेली टोकं, खांबांचे तळ, खिडकीखालची बाजू, न्हाणीघराच्या पलीकडची भिंत, छताचे कोपरे.

आता टोच्या. लाकडाच्या रेषेला आडवा थोडा खुपसायचा आणि वर उचकायचा. निरोगी लाकडाची लांब ढलपी निघते आणि निघताना कट्ट असा आवाज येतो. कुजलेल्या लाकडाचा तुकडा आखूड तुटतो, बिस्किटासारखा, आवाज न करता. ही टेस्ट शिकायला पाच मिनिटं लागतात आणि एकदा हाताला कळली की विसरत नाही. एखाद्या टाकून दिलेल्या चांगल्या फळीवर आणि एखाद्या कुजलेल्या तुकड्यावर आधी करून बघा म्हणजे फरक बोटांना समजेल.

किडीचं वेगळं. एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं दिसली म्हणून घाबरून लगेच सगळीकडे औषध मारायची गरज नसते, ती भोकं कीड कधीच निघून गेल्याची असू शकतात. भोकांवर कागद चिकटवा, तारीख लिहा, खालचा भुसा पूर्ण पुसून घ्या. पुढच्या काही महिन्यांत, मुख्य म्हणजे उबदार दिवसांत, कागदाला नवी भोकं पडली किंवा खाली ताजा फिक्या रंगाचा भुसा पडला तर कीड चालू आहे. मग बोरेटचं (बोरॉनच्या क्षाराचं, कीड मारणारं) द्रावण उघड्या लाकडाला ब्रशने पाजा. रंग किंवा पॉलिश असलेल्या लाकडात ते आत जातच नाही. मातीच्या बारीक नळ्या भिंतीवरून वर चढताना दिसल्या तर ती वाळवी, तिथे घरगुती उपाय करत बसू नका.

गळकं छत, तुंबलेली पन्हळ, भिंतीला टेकलेली बाहेरची माती, गळणारा पाइप, जे असेल ते दुरुस्त करा आणि लाकूड आपलंआपण वाळू द्या. हीटर लावून घाईने वाळवलं की चिरतं. जाड तुळईला वाळायला महिने लागतात, हे वेळापत्रकात आधीच धरा.

थांबा: मीटर सलग काही आठवडे २० च्या खाली राहत नाही तोवर टप्पा ५ च्या पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: पट्ट्या, स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची पट्टी), फळ्या न मोडता काढणं

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं आणि ते दहा मिनिटांत होतं. पहार घातली, खेचली, शंभर वर्षं टिकलेली पट्टी टोकाला फाटली.

आधी ठरवा काढायचीच आहे का. मागे वायर न्यायची नसेल, ओल नसेल, तर जागेवरच राहू द्या. काढायचीच असेल तर भिंत आणि पट्टीच्या मधल्या रंगाच्या रेषेवर कटर दोन-तीनदा फिरवा, नाहीतर पट्टीबरोबर गिलाव्याचा पोपडा निघतो. मग पातळ पत्र्यासारखी रुंद पाती, म्हणजे लांबी भरायची पाती चालते, खिळ्याच्या जवळ आत सरकवा. तिच्या मागे दुसरी. दोन पात्यांच्या मध्ये चपटी पहार, आणि पहारीच्या पाठीमागे लाकडाचा ठोकळा, म्हणजे जोर भिंतीवर न येता ठोकळ्यावर येईल. एका जागी पूर्ण उचकायचं नाही, प्रत्येक खिळ्यापाशी दोन-तीन मिलिमीटर, असं टोकापासून टोकापर्यंत जायचं, परत पहिल्यापासून यायचं. तिसऱ्या फेरीला पट्टी हातात येते.

आता खिळे. पट्टीत राहिलेले खिळे पुढच्या बाजूला ठोकून बाहेर काढले तर डोकं बाहेर येताना दर्शनी लाकडाची ढलपी उडवतं. पट्टी उलटी करा, खिळ्याचं टोक पकडीत धरा आणि मागच्या बाजूनेच ओढून काढा. डोकं लाकडातून आरपार मागे येतं, पुढे फक्त जुनं भोक राहतं, कधीकधी त्यातली जुनी लांबीसुद्धा तशीच राहते. हे एवढंसं आहे पण यावरून पट्टी परत लावल्यावर जुनी दिसणार की दुरुस्त केलेली दिसणार ते ठरतं.

मागे पेन्सिलने खोली, भिंत आणि नंबर लिहा, डावीकडून उजवीकडे. खडूने नको, पुसला जातो. तुकडे आडवे, सपाट, त्याच घरातल्या कोरड्या खोलीत ठेवा. भिंतीला टेकवून उभे ठेवले की महिन्याभरात बाक येतो.

## टप्पा ५: सांगाडा

तुळई, कड्या (जमिनीच्या फळ्या पेलणारी आडवी लाकडं), खांब. याच्यात शिकाऊपणा करायचा नाही, पण मालक म्हणून तुम्हाला कळलं पाहिजे की सुतार काय करतोय आणि का करतोय, म्हणून इथे थोडं सविस्तर.

पहिली गोष्ट, टेकू. तुळईचं टोक कापायच्या आधी तिचं ओझं टेकूवर घ्यावं लागतं, आणि टेकूच्या खाली रुंद फळी लागते, नाहीतर टेकू खालची जमीन फोडून आत जातो. उचलायचं तर हळू. एका दिवसात दोन-तीन मिलिमीटर, मग थांबायचं, आवाज ऐकायचा, गिलाव्याच्या भेगा बघायच्या. वर्षानुवर्षं वाकलेलं लाकूड त्याच आकारात बसलेलं असतं, ते एका दुपारी सरळ करायला गेलं की सांधे उघडतात. माझं स्पष्ट मत असं की वाक स्थिर असेल, वाढत नसेल आणि इंजिनिअरने ताकद पुरेशी आहे म्हटलं असेल तर वाक तसाच राहू द्या, जमीन वरून सपाट करता येते.

दुसरी गोष्ट, पूर्ण तुळई बदलायची गरज फार कमी वेळा असते. बहुतेकदा भिंतीत गेलेलं टोकच कुजलेलं असतं. कुजलेला भाग आणि त्यापुढे थोडं निरोगी लाकूड एवढं कापून त्याच जातीच्या, शक्यतो तशाच दाट रेषांच्या कोरड्या लाकडाचं नवं टोक तिरक्या सांध्याने जोडतात. चिकटवून करायचा साधा तिरका सांधा लांब असावा लागतो, जाडीच्या निदान आठपट, तुळईच्या बाबतीत बोल्ट किती आणि कुठे ते इंजिनिअरनेच ठरवायचं. नवीन टोक भिंतीत घालताना चारी बाजूंनी हवेला थोडी जागा ठेवा. ते सिमेंटमध्ये गच्च लिंपलं तर पाच-दहा वर्षांत परत हेच काम.

नव्या तुकड्यावर, न दिसणाऱ्या बाजूला, साल कोरून ठेवा. लाकडी वारशाच्या संवर्धनाची जी आंतरराष्ट्रीय तत्त्वं इकोमॉसने (वारसा वास्तूंच्या जतनासाठीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने) १९९९ साली मांडली त्यातही नव्या लाकडावर बारीक खूण करावी असं म्हटलंय, आणि ते व्यवहारातही उपयोगी पडतं, पुढच्या माणसाला जुनं कुठलं नवं कुठलं हे शोधत बसावं लागत नाही.

इपॉक्सीबद्दल (दोन भाग मिसळले की दगडासारखी कडक होणारी भराई) विचारणा खूप होते. छोट्या, कोरड्या, ओझं नसलेल्या जागी, म्हणजे खिडकीच्या कोपऱ्यात वगैरे, ठीक आहे. ओल येत राहणाऱ्या तुळईत इपॉक्सी ओतली की ती स्वतः टिकते पण तिच्या कडेला पाणी अडतं आणि शेजारचं लाकूड कुजतं, वरून ठणठणीत दिसतं म्हणून कळतही नाही.

चूक: ओल्या आणि टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) जास्त असलेल्या लाकडात साधे लोखंडी स्क्रू मारणं. काळे डाग पडतात आणि स्क्रूही खातो. स्टेनलेस किंवा पितळ वापरा.

## टप्पा ६: वायर आणि पाइप

प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन आले की कड्यांना खाचा पडतात, म्हणून ते यायच्या आदल्या दिवशी तुम्ही स्वतः प्रत्येक कडीवर खडूने लिहून ठेवा, कुठे भोक चालेल आणि कुठे अजिबात नाही.

का ते बघा. २०० मिलिमीटर उंचीच्या कडीला पाइपसाठी ५० मिलिमीटर खाच मारली तर वाटतं चौथाच भाग गेला. पण वाकण्याला विरोध करायची ताकद उंचीच्या वर्गावर असते, म्हणजे उरलेल्या १५० मिलिमीटरची ताकद मूळच्या सुमारे ५६ टक्के. जवळजवळ ४४ टक्के ताकद त्या जागी गेली, आणि खाचेच्या कोपऱ्यातून चीर सुरू होते ती वेगळीच. नेहमी वापरला जाणारा एक नियम असा: खाच उंचीच्या सहाव्या भागापेक्षा खोल नको आणि कडीच्या मधल्या एक तृतीयांश लांबीत खाच मुळीच नको. भोक उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा मोठं नको आणि वरच्या-खालच्या कडेपासून निदान ५० मिलिमीटर आत. तुमच्याकडचा स्थानिक नियम याहून कडक असेल तर तो पाळा. सगळ्यात उत्तम म्हणजे पाइप कड्यांना समांतर न्यायचा, म्हणजे काही कापायलाच नको.

जुन्या कापडी किंवा रबरी आवरणाच्या वायरी वाकवल्या की आवरण भुगा होऊन पडतं. त्या ठेवून "फक्त स्विच नवीन" असं करू नका. नवीन वायर पाइपातून न्या, ३० मिलिअँपिअरचं लीकेज संरक्षण (वीज गळली की पुरवठा तोडणारं) बसवा, प्रत्येक जोड उघडता येणाऱ्या डब्यात ठेवा. लाकडाच्या पोकळीत उघडा जोड म्हणजे आगीचं निमंत्रण.

न्हाणीघराचं ओझंही इथेच तपासा. २०० लिटरचा टब भरला की नुसतं पाणी २०० किलो, टब आणि माणूस वेगळा. नळाच्या जोडांपाशी उघडता येणारी फळी ठेवा आणि एक्झॉस्ट फॅनची हवा थेट घराबाहेर काढा. माळ्यावर सोडली तर तिथल्या लाकडावर जाऊन ती पाणी होते.

तपासा: भिंत बंद करण्याआधी पाइपांना प्रेशर देऊन एक रात्र ठेवा, आणि प्रत्येक भिंतीचा मोजपट्टी लावून फोटो काढा. पुढे खिळा कुठे मारायचा नाही हे त्याच फोटोवरून कळतं.

## टप्पा ७: भिंती

लाकडी पट्ट्यांवरचा जुना चुन्याचा गिलावा वाजवून बघा. बोटाच्या पेराने टकटक केलं की घट्ट जागी भरीव आवाज येतो, सुटलेल्या जागी पोकळ. पोकळ आवाज आला म्हणून सगळा पाडू नका, आधी हाताने दाबा, हलत नसेल तर अजून आयुष्य आहे त्याला. सुटलेला भाग रुंद वॉशर आणि स्क्रूने पट्ट्यांना परत ओढून घेता येतो, वरून पातळ थर दिला की दिसतही नाही.

भराई मात्र चुन्याचीच. सिमेंट कडक असतं, लाकूड हललं की त्याच्या कडेला चिरतं, आणि ओल बाहेर जाऊ देत नाही. तेच प्लास्टिक रंगाचं, तेच भिंतीमागे विचार न करता लावलेल्या प्लास्टिक शीटचं. ओल आत यायची एक वाट नेहमी सापडते तिला, बाहेर जायची वाट आपण बंद करून बसतो. चुन्याचा थर पातळ द्या, काही दिवस हलका दमट ठेवा, दुसरा थर घाईने चढवू नका.

रंग लावण्याआधी कोपऱ्यात दोन-तीन सेंटिमीटरच्या छोट्या चौकोनात एकेक थर ब्लेडने उघडून बघा. घराचे जुने रंग पायरी-पायरीने समोर येतात. तो चौकोन कपाटामागे तसाच राहू द्या.

## टप्पा ८: लाकडाचा रंग आणि पॉलिश

बऱ्याचदा जे काळं झालेलं पॉलिश म्हणून काढायला निघतात ते पॉलिश नसतंच, वर्षानुवर्षांची काजळी, मेण आणि हाताचा मळ असतो. म्हणून साफसफाई सौम्यापासून सुरू करायची: मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम, मग पिळून घेतलेलं ओलसर फडकं, मग पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब, मग व्हाइट स्पिरिट (रंगकामातलं मिनरल टर्पेंटाइन). जिथे काम झालं तिथे थांबा. प्रत्येक पायरी आधी दाराच्या वरच्या कडेला किंवा कपाटाच्या आत तळहाताएवढ्या जागी करून दुसऱ्या दिवशी उजेडात बघा.

पॉलिश कुठलं आहे ते ओळखायला कापसाच्या बोळ्यावर मेथिलेटेड स्पिरिट (अल्कोहोलचं, पॉलिशवाले वापरतात ते) घेऊन लपलेल्या जागी टेकवा. मिनिटभरात चिकट होऊन बोळ्याला रंग आला तर ते लाखेचं पॉलिश. हे कळलं तर मोठं काम वाचतं, कारण लाखेचा नवा हात जुन्या लाखेला विरघळवून त्यात मिसळतो, सगळं काढायची गरज पडत नाही, ओरखडे सुद्धा जागच्या जागी भरून निघतात.

सँडरबद्दल. जुन्या तुळयांवर हाताने तासल्याच्या खुणा असतात, दाराच्या फळ्यांवर रंध्याच्या अगदी उथळ लाटा असतात, डोळ्याला दिसत नाहीत पण संध्याकाळच्या तिरक्या उजेडात दिसतात आणि बोटांना कायम लागतात. मशीन दहा मिनिटांत त्या सपाट करतं आणि त्या परत आणता येत नाहीत. म्हणून तुळया आणि दारांवर मशीन नाहीच, लागलंच तर १८० किंवा २२० नंबरचा पॉलिश पेपर हाताने, रेषेच्या दिशेनेच. स्टील वूल टाळा, त्याचे कण लाकडात अडकून पुढे काळे ठिपके होतात.

रंगाचे जाड थर काढायचे तर शिसं नाही याची खात्री झाल्यावर कमी तापमानाची हीट गन किंवा सौम्य रिमूव्हर. उघडी ज्योत कधीच नको. कॉस्टिक सोड्याच्या टाकीत दारं बुडवून देणारे असतात, त्याने सांधे सुटतात, लाकूड केसाळ होतं आणि काळपट पडतं, माझ्या एका ओळखीच्या घरातली चार दारं अशीच खिळखिळी होऊन परत आली.

धोका: उष्णतेचं कोणतंही काम घर सोडण्याच्या निदान एक तास आधी थांबवा. पोकळीतली धूळ आत धुमसत राहते आणि वरून काही दिसत नाही. अग्निशामक हाताशी ठेवा.

## टप्पा ९: जमीन

आधी फळीची जाडी मोजा, उंबऱ्यापाशी किंवा एखादी सुटी फळी उचलून. खाचेत बसणारी फळी असेल तर खाचेच्या वर किती लाकूड उरलंय हे महत्त्वाचं, कारण प्रत्येक घासणीत थोडं जातं आणि ते तीन-चार मिलिमीटरच उरलं असेल तर मोठ्या मशीनचा विचार सोडून द्या. सगळे खिळे पृष्ठभागाखाली तीन मिलिमीटर बसवून घ्या.

फटी भरण्याची घाई नको. लाकूड रुंदीत हलतं, लांबीत जवळजवळ नाही. कोरड्या दिवसांत दिसणारी फट दमट दिवसांत आपोआप मिटते, आणि ती कडक लांबीने भरलेली असेल तर फळ्या एकमेकींना ढकलून वर उचलल्या जातात. वर्षातल्या दोन्ही टोकांना फट मोजा, जी दोन्ही वेळा रुंद असेल तिथेच त्याच लाकडाची बारीक पट्टी एकाच कडेला चिकटवून बसवा.

बदली फळ्या आणल्या की दोन-तीन आठवडे त्याच खोलीत, मध्ये बारीक पट्ट्या ठेवून रचा. मीटरवर नवी आणि जुनी यांच्यात २ ते ४ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर अजून थांबा.

## टप्पा १०: परत लावणं आणि तेल

दार घासतंय म्हणून दमट दिवसांत रंधा मारू नका. मी एकदा मारला होता, छान सहज लागायला लागलं, आणि कोरडे दिवस आले तशी उभ्या कडेला बोट जाईल एवढी फट पडली. आधी बिजागरीचे स्क्रू घट्ट करा, मग बिजागरीमागे पुठ्ठ्याची पातळ पट्टी घालून बघा, आणि तरीही घासत असेल तर कोरड्या दिवसांपर्यंत थांबून मगच, तेही कार्बन पेपर लावून नेमकं कुठे टेकतंय ते बघून तेवढंच काढा. कापलेली कड त्याच दिवशी बंद करा, उघडी कड ओल पिते.

सैल सांधे परत जोडताना पारंपरिक सरस वापरणं मला पटतं, कारण उष्णता आणि ओलसरपणाने तो पुन्हा सोडवता येतो. पट्ट्या लावताना जुन्याच भोकांत खिळे घाला.

अळशीचं तेल लावायचं तर अगदी पातळ. लावा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, उरलेलं सगळं पुसून काढा, निदान एक दिवस जाऊ द्या, मग दुसरा हात. जाड थर महिनोन् महिने चिकट राहतो आणि धूळ धरतो.

आणि पुसलेली फडकी. हे वाचून सोडून देऊ नका. अळशीचं तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि फडकी बोळा करून टाकली की ती उष्णता आत साठते. अर्ध्या तासापूर्वी टाकलेला बोळा मी हातात घेतला तेव्हा तो मधोमध चांगला गरम होता, जवळ कसलीही आग नसताना. असे बोळे स्वतःहून पेट घेतात आणि पेटतात ते बहुधा रात्री, सगळे घरी गेल्यावर. प्रत्येक फडकं बाहेर, एकेरी, पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवा, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा. रोज निघताना फडकी मोजा. सकाळी दहा घेतली असतील तर संध्याकाळी दहा दिसली पाहिजेत.

काम संपल्यावर पहिलं वर्षभर तीन महिन्यांनी त्याच जुन्या जागी मीटर लावा आणि पेन्सिलच्या खुणा परत मोजा. उरलेल्या फळ्या, पट्ट्या, बिजागऱ्या, काढलेले जुने खिळे सुद्धा, नंबर टाकून माळ्यावर कोरड्या जागी ठेवा आणि वही, रिपोर्ट आणि भिंतींचे फोटो त्यांच्यासोबतच एका डब्यात.